साडीच्या आडोशाला

"फडकं उघड्यावर टाकायचं न्हाई. आधी फडकं, वरून साडी. ऊन पोचलं पाहिजे, नजर पोचली न्हाई पाहिजे."

अव्वाचा हा आवाज त्रिवेणीला नेहमी पाठीमागून ऐकू येई, कारण सांगितलं तेव्हा तिची आई सिद्धम्मा, सगळ्या घराची अव्वा, खरोखरच पाठीमागे उभी होती. त्रिवेणी तेरा वर्षांची, हातात पिळलेलं फडकं, समोर ताणलेली दोरी, दोरीपलीकडे जिनिंगची पत्र्याची भिंत आणि त्या भिंतीवरून तरंगत येणारे कापसाचे तंतू, जे ओल्या कपड्यांना चिकटत आणि वाळल्यावरही निघत नसत. त्याला चाळीस वर्षं झाली. अव्वाला जाऊन नऊ. त्रिवेणीचं स्वतःचं महिन्याचं थांबून दोन वर्षं होत आली होती आणि फडकी तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. तरी सकाळी मागच्या अंगणात दोरीपाशी उभं राहिलं, की हात आपोआप आधी बारीक कपडे आत टाकायचे आणि मग वरून साडी पसरायचे. त्या दिवशीही ती तेच करत होती. साडी अर्धी उलगडली होती, तेवढ्यात शुभदा ब्रश करत बेसिनपाशी आली, आठव्या महिन्याचं पोट एका हातानं सावरत जराशी वाकली, थुंकली, आणि पांढऱ्या बेसिनमध्ये तांबडं पसरलं. गुलाबी फेस नव्हे, तांबडं. पोरीनं नळ सोडला, ओंजळीनं पाणी फिरवलं, पुन्हा थुंकली, पुन्हा पाणी फिरवलं, आणि टॉवेलानं तोंड पुसून टॉवेलाचा डागाळलेला कोपरा आत दुमडला.

त्रिवेणीनं विचारलं, किती दिवस झाले. शुभदाला प्रश्नच नीट कळला नसावा. "हे? हे तर नेहमीचंच हाय की आई. तुझं न्हाई का तसंच. आपल्या घरच्या बायांचं रक्त जरा उतावळं असतंय," असं म्हणून ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्रिवेणी दोरीपाशीच उभी राहिली. रक्ताचं तिला एवढं वाटलं नाही. पोटुशीच्या हिरड्या सुटतात, हे कुणीही सांगेल. तिला वाटलं त्या दुमडलेल्या कोपऱ्याचं. हे शुभदाला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या वयात येण्याच्या वेळी घरात दुकानातून आणलेले पुडे येत होते, दोरी, आडोसा, पाठीमागून येणारा आवाज, यातलं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. आपल्या पोरीला आपण हे सांगायचं नाही, असं त्रिवेणीनं ठरवलेलं होतं आणि ते पाळलंही होतं. तरी कोपरा आत गेला. न सांगता गेला. म्हणजे काय काय असं न सांगता गेलं असेल, या विचारानं ती धुण्याच्या दगडावर बसली. तसं बसणं तिला नवीन नव्हतं. आयुष्यभर ती अशीच मधेमधे बसत आली होती. जिन्याच्या चौथ्या पायरीवर, लग्नघरात भांड्यांच्या ढिगापाशी, बाजारातून येताना कुणाच्यातरी ओट्यावर. लोक म्हणत, उपासतापास फार करते, त्यानं अंगात काही राहत नाही. घशाला कोरड पडली होती. पूजा व्हायची होती आणि पूजेआधी ती पाण्याचा थेंब घेत नसे.

हे व्रत तिनं चौदाव्या वर्षी धरलं होतं, नागेशच्या गुडघ्यासाठी. नागेश तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचं पोर शाळेच्या पायरीवरून घसरलं, साधंच, शेजारचं पोर त्याच पायरीवरून त्याच दिवशी घसरलं आणि उठून पळालं. पण नागेशचा गुडघा संध्याकाळपर्यंत नारळाएवढा झाला आणि महिनाभर तसाच राहिला. त्याचा दात पडला की तीन दिवस उशी भिजायची. अप्पा, म्हणजे तिचे वडील धोंडप्पा, जिनिंगमधून स्वच्छ रुई आणायचे, अव्वा त्यात विभूती दाबून भरायची, आणि पोर ते पांढरं बोचकं तोंडात धरून भिंतीला टेकून बसायचं. अव्वाचे दोन भाऊ असेच गेले होते, एक विळ्यानं बोट कापलं म्हणून आणि एक काहीच न होता. दृष्ट लागते म्हणायचे त्या घरच्या पोरांना. अव्वा मात्र नुसती नागेशच्या वाटेतल्या खुर्च्या, पाट, विळे उचलत राहायची. त्या महिन्यात त्रिवेणीनं इष्टलिंगासमोर बसून ठरवलं, की याचा गुडघा उतरेपर्यंत पूजेआधी पाणी नाही. गुडघा उतरला. मग दुसरा सुजला. व्रत सोडायला मोकळा असा दिवसच आला नाही, आणि नागेश मागच्या मार्गशीर्षात गेला तरी तिचं पाणी पूजेनंतरचंच राहिलं. आता ते कुणासाठी, असं तिनं स्वतःला एकदोनदा विचारलं होतं. सवय मात्र राहिली.

नागेश बारा वर्षांचा असताना अप्पा त्याला हैदराबादला घेऊन गेले होते. त्रिवेणी सोबत होती, त्याला उचलायला. डॉक्टर मोठा होता, चष्म्याच्या काचेवरून बघत उर्दूमिश्रित हिंदीत बोलला. त्यानं कागदावर बाईसाठी दोन रेघा काढल्या आणि पुरुषासाठी दीड. रक्त बांधणारी वस्तू बनवायची अक्कल पुऱ्या रेघेत असते, अर्ध्या रेघेत नाही, म्हणाला. पोराकडे तशी रेघ एकच, आईकडून आलेली. ती खोटी निघाली की त्याला दुसरा आधार नाही. पोरीकडे दोन, एक खोटी असली तरी दुसरी निभावून नेते. म्हणून हा रोग दिसतो पोरांच्यात, पोरी नुसत्या वाहून नेतात. "लडकियों को कुछ नहीं होता," असं म्हणून त्यानं त्रिवेणीकडे बघितलं आणि जरा हसला, बक्षीस दिल्यासारखं. अप्पांनी ते वाक्य गाडीत पुन्हा सांगितलं, घरी आल्यावर अव्वाला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. पोरीला काही होत नाही. त्रिवेणी सतरा वर्षांची होती. त्या दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात ती तीन फडकी एकावर एक बांधून उभी होती, तो तिचा नववा दिवस होता, आणि बाकावर बसायची तिला भीती वाटत होती. काही होत नसलेली मुलगी. पुढं कितीतरी वर्षं, जिन्यावर बसावं लागलं की तिला ते वाक्य आठवे आणि ती उठे. आपल्याला काही होत नाही, मग बसायचं कशाला.

आणि मोजायला कुणी नव्हतं, हेही खरं. पलीकडच्या पार्वतीबाईंच्या घरी बाई चार दिवस बाजूला बसायची. त्या बसण्याचा त्रिवेणीला राग यायचा. कोपऱ्यातली घोंगडी, वेगळा तांब्या, पोरांनी शिवायचं नाही. अव्वा अभिमानानं सांगायची, की आपल्यात विटाळ नसतो. जिच्या अंगावर लिंग आहे ती बाई विटाळशी होतच नाही. त्या दिवसांतही त्रिवेणी पहाटे न्हाऊन, कपाळाला तीन बोटं विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या चौक्यातून इष्टलिंग काढून तळहातावर घ्यायची, आणि तिला कुणी अडवायचं नाही. हा आपल्या घरचा मोठेपणा आहे, असं तिला तेव्हाही वाटे आणि आजही वाटत होतं. पण पार्वतीबाईंच्या सुनेला एकदा सात दिवस झाले तरी उठता येईना, तेव्हा पार्वतीबाईंनीच बोटं मोजली, सगळ्या गल्लीत बोभाटा केला आणि आठव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. त्रिवेणीचे दर महिन्याला बारा दिवस जात. ती स्वयंपाक करत होती, पूजा करत होती, पाणी भरत होती, कुणापासून बाजूला नव्हती. त्यामुळं ती परत कधी मिसळली, हेही कुणाला कळायचं कारण नव्हतं. देवानं तिला शिवायची मुभा दिली होती, आणि त्या मुभेतच तिचे दिवस मोजायचे राहून गेले. हा विचार तिनं कधी कुणाला बोलून दाखवला नाही. देवाला बोल लावल्यासारखं होईल, अशी तिला भीती होती.

शुभदा झाली तेव्हा बाळंतपण नीट झालं. पाचवी झाली, बारशाची तयारी चालली, आणि अकराव्या दिवशी दुपारी बाजेखाली ठेवलेल्या शेगडीत काहीतरी चुरचुरायला लागलं. अव्वा वाकून बघते तो बाजेच्या सुतळीतून रक्त ठिबकत होतं. त्रिवेणीला त्यातलं फक्त ते चुरचुरणं आठवत होतं, आणि मग अप्पांच्या खांद्यावरचं शेल्याचं टोक. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. कुणी म्हणालं बाळंतीण लवकर उठली, कुणी म्हणालं ओवा-शेपा उष्ण पडला. नागेश तेव्हा वीस वर्षांचा, काठी टेकत खाटेपाशी आला, रक्ताच्या पिशवीकडे बघत म्हणाला, "अक्का, तू माझी नक्कल करायलीस का?" सगळे हसले. तीही हसली असावी. त्यालाही तेव्हा कळलं नाही आणि तिलाही नाही. सगळ्यांच्या डोक्यात ते हैदराबादचं वाक्य पक्कं बसलं होतं. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. मन्मथप्पांनी, तिच्या मालकांनी, एकदाच विचारलं. दुकान, शिवालय आणि झोप, एवढ्यात समाधानी असलेला माणूस.

नागेशनं लग्न केलं नाही. इथंच सेलूच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं, बसून करायचं काम. वाकड्या गुडघ्याबद्दल कुणी विचारलं तर घरानं ठरवलेलं उत्तर द्यायचा: संधिवात. आत मात्र त्याला सगळं माहीत होतं, वाचायचा. एकदा त्रिवेणीनं लग्नाचा विषय काढला तर डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच बोलला. "मला पोरगं झालं तर त्याला काई होणार न्हाई बघ. मी त्याला ही रेघ देतच न्हाई. पण पोरी झाल्या तर एकूण एक तुझ्यासारख्या. एक अक्का बास हाय मला." 'तुझ्यासारख्या' म्हणजे काय, हे तिनं तेव्हा विचारलं नाही.

ते तिला चार वर्षांपूर्वी कळलं, परभणीला. नागेशला इंजेक्शनं मिळायला लागली होती, महिन्यातून एकदोनदा ती त्याच्यासोबत रेल्वेनं जायची. तिथं संघप्रिया नावाची सिस्टर होती, चुडावा गावची, आवाज मोठा, हात फार हलका. नागेशची शीर तिलाच सापडायची. एक दिवस ती नागेशला टोचत असताना त्रिवेणी भिंतीला टेकून खाली बसली, नेहमीसारखी. संघप्रियानं सुई न हलवता मान वळवली. विचारलं, मावशी, तुमचं कधी तपासलं का. त्रिवेणीनं हैदराबादचं वाक्य सांगितलं. संघप्रियाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, चीड आली असावी. मग पाळी किती दिवस असायची, दात काढला तेव्हा काय झालं, बाळंतपणात काय झालं, असं एकेक विचारत गेली, आणि अकराव्या दिवसाशी येऊन थांबली. त्याच दुपारी रक्त घेतलं. दोन आठवड्यांनी कागद आला. चांगल्या माणसाच्या मानानं रक्त बांधायची ताकद पाचवा हिस्सा.

"दोन रेघा असतात हे खरं हाय मावशी," संघप्रियानं तिला समोर बसवून सांगितलं होतं. "पण बाईच्या अंगात दोन्ही एका वेळी कामाला येत न्हाईत. एक जागी ऱ्हाते, दुसरी निजते. आईच्या पोटात असतानाच ठरून जातंय ते. कुणाची खोटी निजते, तिला खरंच काई होत न्हाई. कुणाची चांगलीच जास्त करून निजते. तुमची चांगली निजलीय. पुरुषाचं दिसतंय, गुडघा फुगतोय, आरडाओरडा होतोय. बाईचं महिन्याच्या महिन्याला जातंय, त्याला कोण रोग म्हणणार? आन् बाळंतपणात तर लय फसवतंय बघा. पोटुशी असेस्तवर ताकद चढते, रक्त चांगलं दिसतंय. बाळंत झाल्यावर आठ-दहा दिवसात पुन्हा उतरते, आन् तवा घात होतोय."

नागेश पलीकडच्या खाटेवर होता. तो छताकडे बघत म्हणाला, "या, अक्का. माझ्याच पंगतीत होतीस की. पन्नास वर्षं वाढप्यासारखी उभी कामून ऱ्हायलीस?"

येताना गाडीत तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खिडकीतून तुरीची शेतं जात होती, समोर एक बाई पोराला केळ सोलून देत होती, आणि त्रिवेणीच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत होती, की जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायला हरकत नव्हती. इतकी वर्षं ती स्वतःला आळशी समजत आली होती, भक्तीत कमी पडणारी, उपास न झेपणारी. तिच्या अंगातलं चांगलं ते निजलेलं होतं, एवढंच. आणि ते कुणी उठवूही शकलं नसतं. त्या विचारानं तिला हलकंही वाटलं आणि फार थकल्यासारखंही झालं; चाळीस वर्षांचा थकवा एकदम अंगावर यावा तसं. तो कागद तिनं नागेशच्या फाईलमध्ये सर्वांत खाली ठेवला. घरी कुणाला सांगितलं नाही, मन्मथप्पांनाही नाही.

कारण तेव्हा शुभदाचं जमत आलं होतं. जिंतूरचं घर, मुलगा शिक्षक, विहीण सुलाबाई कामसू आणि बोलकी, देवाधर्माचं पाळणारी. नागेशच्या पायाचं त्यांना संधिवात म्हणून सांगितलेलं. नागेश म्हणाला, पोरीचं रक्त तपास आणि त्यांना सांग. ती म्हणाली, लग्न होऊ दे. लग्न झालं. तो म्हणाला, आता सांग. ती म्हणाली, वर्षसण होऊ दे. वर्षसण झाला. खोट लपवली म्हणतील, पोरीला माघारी पाठवतील, गावोगाव आपल्या समाजात होईल की त्या घरच्या पोरी तशा. यातलं काहीच ती मोठ्यानं बोलत नव्हती. ती फक्त 'होऊ दे' म्हणत होती, आणि नागेशला आतलं सगळं ऐकू जायचं. शेवटचं बोलणं झालं त्या सकाळी तो तिच्या पूजेच्या पाटासमोर काठी आडवी टाकून बसला होता. लिंग तिच्या तळहातावर होतं. पूजेत ती बोलत नसे, हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच त्यानं ती वेळ धरली होती.

"सासरला सांगू नको, जगाला सांगू नको," तो म्हणाला. "शुभीला सांग आन् तिच्या डॉक्टरला सांग. पहिल्या बाळंतपणाच्या आत. हो म्हण."

तिनं तळहाताकडे बघत मान हलवली. त्याला ते पुरलं नाही. मग ती पूजेत बोलली. "सांगीन," म्हणाली. तीन आठवड्यांनी नागेश न्हाणीत पडला, डोक्याला बाहेरून खरचटलंसुद्धा नव्हतं, रक्त आतल्या आत साचलं.

सोळा सोमवार केले होते तिनं, तीनदा. श्रावणातला एकभुक्त नेम चुकवला नव्हता. तापात, प्रवासात, अव्वाच्या मौतीच्या दिवशी पूजेआधी पाणी घेतलं नव्हतं. आणि हातात लिंग घेऊन दिलेला एक शब्द सात महिने घरात पडून होता. शुभदा बाळंतपणाला आल्यापासून रोज सकाळी ती आज सांगू म्हणून उठायची. मग पोरगी लोणचं मागायची, पाय चेपून घ्यायची, बाळाच्या लाथेवर हात ठेवायला लावायची, आणि त्या हसऱ्या तोंडासमोर असलं काही काढणं पाप वाटायचं. एकदा मांडीवरचा काळानिळा डाग दिसला. कशाचा म्हणून विचारलं तर शुभदा म्हणाली, टेबल लागलं असेल, मला काय आठवतंय. त्रिवेणीनं वर साडी नीट केली. हो, तिनं स्वतः, आपल्या हातानं.

आत मोबाइल वाजला. शुभदानं तो आणून दगडावर बसलेल्या आईच्या हातात दिला, सासूबाई आहेत म्हणून. सुलाबाईंनी आधी उन्हाची चौकशी केली, मग लोणच्याची. मग सांगितलं, की देवगाव फाट्याला त्यांच्या नात्यातल्या बाईनं छोटा दवाखाना टाकलाय, हात फार चांगला, उगीच पोट फाडत नाही. उद्याच शुभदाला नेऊन नाव घालायचं, त्या स्वतः येतील.

"चिमटे लावून का होईना, पण मोकळी करते बघा विहीणबाई. माझ्या दोन्ही भाच्या तिथंच बाळंत झाल्या. आन् आमच्या इथं समदे म्हणायलेत नातूच हाय. पोट बघा की कसं टोकाला आलंय."

"बरं," त्रिवेणी म्हणाली.

फोन बंद झाल्यावरही ते 'बरं' अंगणात राहिलं. चिमटे. नातू. नागेशचं नखाएवढं खरचटणं, आणि एका कोवळ्या टाळूवर लोखंडाचे चिमटे. शुभीकडे खोटी रेघ आली असेल किंवा नसेल. आली असेल तर बाळाकडे जाईल किंवा नाही. आहे-नाहीचे हे दोन फाटे तिला संघप्रियानं बोटांवर दाखवले होते, आणि प्रत्येक फाट्यावर एक बरी वाट होती. सात महिने ती त्या बऱ्या वाटेवर डोळा ठेवून चालत होती. अव्वाही तशीच चालली असेल, दोन भावांना पोचवून, पोटात नागेशला घेऊन.

ती उठली, पाय धुतले आणि पूजेला बसली. विभूती लावली, चौका उघडला. काळंभोर, गुळगुळीत लिंग तळहातावर आलं, दर सकाळसारखं आधी गार आणि मग तिच्याच अंगाच्या उबेनं कोमट. पाणी घातलं. बेल वाहिला. नजर ठेवली. रोज या वेळी मन हळूहळू खाली बसायचं, तळाशी गाळ बसतो तसं. आज ते बसेना. तळहाताच्या रेघा पाण्याखाली ठळक दिसत होत्या, त्यांच्यावर लिंग, आणि त्या रेघांकडे बघताना तिला समोर आडवी टाकलेली काठी दिसत होती. तिनं काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. देणं तिच्याकडेच होतं. तीर्थ घेतलं. घशातून पाणी उतरताना ते थेट कुठपर्यंत जातं आहे, हे तिला जाणवत राहिलं.

मग तिनं कपाट उघडून साड्यांच्या थराखालची नागेशची फाईल काढली. अव्वाच्या जुन्या इरकलीच्या तुकड्यात ती गुंडाळलेली होती. तुकडा तिनं घडी करून परत ठेवला, फाईल नुसतीच घेतली. शुभदा सोप्यात पाय लांब करून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"शुभा, साडी बदल. परभणीला जायचंय आपल्याला. अकराची गाडी हाय."

"आता? कामून? उद्या सासूबाई येणारेत ना."

"तुझं रक्त दाखवायचंय. माझं दाखवून झालंय."

शुभदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं आईकडे बघितलं, मग फाईलवरच्या मामाच्या नावाकडे, मग पुन्हा आईकडे. त्रिवेणीला वाटलं आता ती रडेल किंवा चिडेल. तिनं दोन्हींची तयारी केली होती. शुभदानं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले.

"मला वाटायचं मीच आळशी हाय," ती म्हणाली.

त्रिवेणीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर म्हणाली, "तुझ्या सासूबाईंला मी बोलते. आधी तुला गाडीत सगळं सांगते, मग तिथल्या डॉक्टरला, मग त्यांना. त्या काई म्हणल्या तर मला म्हणतील."

शुभदा हळूहळू भिंत धरून उठली आणि साडी बदलायला गेली. तेवढ्यात त्रिवेणी मागं जाऊन आली. बेसिनपाशी टॉवेल होता, कोपरा आत दुमडलेला. तिनं तो उलगडला, पाण्यातून काढला, पिळला. डाग पुरता गेला नव्हता. दोरीवर साडी होती, तिच्या आत जागाही होती. तिनं साडी एका बाजूला सारली आणि टॉवेल उन्हाच्या अंगाला पसरला, कोपऱ्यासकट, आणि त्याला दोन चिमटे लावले. पलीकडं पार्वतीबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी वर बघितलं, एवढी घाई कसली म्हणून विचारलं. लेकीला दवाखान्यात न्यायचंय, त्रिवेणीनं सांगितलं. आमच्या घरी रक्ताचा आजार आहे, पोरींनाही असतो.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. फाटकाशी तिनं सवयीनं फाईल पदराखाली घेतली होती. ती काढून हातात धरली. दुसऱ्या हातानं शुभदाचं कोपर धरलं, आणि पोरीच्या पावलाला पाऊल लावत, सावलीच्या कडेकडेनं, दोघी स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.